दानियेलाचा खालचा ओठ

अगम्य अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्या लोकांची मी आजवर फक्त टिंगल केली आहे. खोटं कशाला बोलू? रविवारी सकाळी चहा घेता घेता बायको, म्हणजे मनीषा, मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मी प्रत्येक वाक्याला "कशावरून?" म्हणायचो. पांढरी साडी दिसली... कशावरून साडीच होती? घड्याळ आपोआप बंद पडलं... सेल कधी बदलला होता? शेवटी ती वैतागून म्हणायची, "तू ना, सत्यनारायणाच्या प्रसादालासुद्धा सील लावशील!" आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर तिला हसू आवरत नाहीये. हसू दे.

माझा धंदाच संशयाचा आहे. मी मूळचा चिपळूणचा. पंधरा वर्षं जहाजावर इंजिनीअर होतो, मग सिंगापूरला स्थायिक झालो आणि कार्गो सर्व्हेयर झालो. राहतो सेरंगूनला. सर्व्हेयर म्हणजे काय, तर माल आला की सील तपासायचं, पेटी उघडायची, काय तुटलंय, कधी तुटलंय आणि कोण थापा मारतंय ते शोधून रिपोर्ट लिहायचा. कॅप्टन म्हणतो क्रेनवाल्यानं आपटलं, क्रेनवाला म्हणतो आधीच फुटलेलं होतं. मी दोघांचंही ऐकत नाही. तुटलेली जागा बघतो. ताजी मोड वेगळी दिसते, जुनी वेगळी. वीस वर्षं यावरच पोट भरलंय.

माझ्या दोन सवयी इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच झालं. पहिली... आधी कोणी लिहिलेला रिपोर्ट मी माल बघण्याआधी वाचत नाही. वाचला की डोळे तेवढंच शोधतात. आधी स्वतः बघायचं, लिहायचं, मग कागद उघडायचे. दुसरी... माझी कच्ची वही मराठीत असते, पेन्सिलनं लिहिलेली. जहाजावरची सवय, शेजारच्यानं डोकावलं तरी कळू नये म्हणून. पानांवर नंबर टाकलेले असतात आणि त्यातलं पान मी कधीही फाडत नाही. फाडलेलं पान म्हणजे लपवाछपवी, ही आमच्या धंद्यातली साधी गोष्ट आहे.

तर गोष्ट गेल्या वर्षीची. जुन्या धर्मांवरच्या एका प्रदर्शनासाठी परदेशातून काही दगडी शिल्पं आली होती. एअरपोर्टच्या बाजूला एक गोदाम आहे, एसी, ठरावीक तापमान, ठरावीक दमटपणा, अगदी जावयासारखी बडदास्त. नाव देत नाही. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकी नाही, दार एकच. मंगळवार, सकाळचे दहा.

पेट्या उघडायला फोरमन अंकल लिम होता. साठीचा, बारीक, बोलणं मोजकं. आणि शिल्पांच्या मालकांकडून सोबतीला एक बाई आल्या होत्या. अशा मौल्यवान मालाबरोबर एक माणूस येतो, पेटी विमानात चढल्यापासून भिंतीला लागेपर्यंत तिच्यावर नजर ठेवतो. मला वाटलं कोणीतरी नाकानं कांदे सोलणारी गोरी मॅडम असणार. ट्रॉली उंबऱ्याला अडली आणि मी सवयीनं ओरडलो, "अरे हळू, हळू! कंबरडं मोडेल तिचं!" तर मागून आवाज आला, "हळूच आणतायत हो ते. तुमीच घाई करता."

मी गर्रकन वळलो. सावळ्या, ठेंगण्या, केस पांढरे, गळ्यात चष्म्याची दोरी. आपल्या कुठल्याही गावात शाळेच्या बाई म्हणून खपल्या असत्या. रूथ झिराडकर. अलिबागजवळच्या झिराडच्या बेने इस्राएल. आपल्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणायचे ते ज्यू लोक. आईवडील तरुणपणी इस्राएलला गेले, या तिथेच जन्मल्या. "पण घरात मराठीच. आई मरेपर्यंत मराठीतच रागवायची," म्हणाल्या.

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. पण लगेच डोक्यात किडा वळवळला. गोड बोलून सर्व्हेयरला गुंडाळणारे मी कमी बघितलेत का? म्हटलं, मराठी आहे म्हणून सूट नाही.

पहिल्या दोन पेट्या झाल्यावर आम्ही चहाला बसलो. त्यांनी घरून आणलेली बिस्किटं काढली. तीस वर्षं एकाच संग्रहालयाच्या तळघरात त्यांची नोकरी झाली होती, दगडांची साफसफाई आणि नोंदी. वस्तू घेऊन परदेशी यायची ही पहिलीच वेळ, आणि याच वर्षी निवृत्ती. "हा तिसऱ्या पेटीतला दगड जाणार असं कळलं तेव्हा मी साहेबांना म्हटलं, त्याच्याबरोबर मीच जाणार. सगळे हसले. तिकडे मला चिडवतात, रूथशी दगड बोलतात म्हणून. काही सांगायला गेलं की, बाई, तुमची कल्पनाशक्ती दांडगी आहे." हसत हसत म्हणाल्या, पण बिस्किटाचा हातात चुरा झाला होता. "एवढं एक वर्ष नीट पार पडू दे. वेडी म्हणून नको निघायला तिथून."

तिसरी पेटी उघडली.

तो काळा दगड पाहून मी आधी चकितच झालो. बेसॉल्ट. म्हणजे आपला काळा कातळ हो! पाट्या-वरवंट्याचा. चिपळूणला आमच्या मागच्या आळीत पाथरवट राहायचे, लहानपणी मी तासन् तास तिथे बसलेलो. हा दगड दीड हात रुंद, पंधराशे वर्षांपूर्वीच्या एका सिनेगॉगच्या भिंतीतला. सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. डावीकडे सिंह, उजवीकडे सिंहीण, तिच्या पोटाशी पिलू दूध पितंय. आणि मधे एक माणूस दोन्ही हात वर करून उभा. मला वाटलं कोणीतरी पिस्तूल दाखवलंय. रूथबाई म्हणाल्या, "तो दानियेल नबी. हात वर म्हणजे प्रार्थना. राजानं सिंहांच्या गुहेत टाकलं, पण सिंहांनी त्याला शिवलं नाही." आणि त्या पेटीच्या पलीकडे जाऊन तापमानाचा कागद भरू लागल्या.

अंकल लिमनं टॉर्च तिरका धरला. तिरक्या उजेडात बारीकसा ओरखडाही लपत नाही. मी नेहमीप्रमाणे डावीकडून सुरुवात केली. वहीतलं जसंच्या तसं उतरवतो, पान सत्तेचाळीस:

"सिंह: डावा पंजा तुटका, जुनं. शेपटीवर चुन्याचा थर. मधला पुरुष: चेहरा शाबूत. पुरीएवढा. डोळे मोठे, बुबुळाच्या जागी भोक. कपाळावर तीन बटा. खालच्या ओठावर आपल्या उजव्या हाताला टवका, जुना, तांदळाच्या दाण्याएवढा. गाल गुबगुबीत. हसरा. सिंहीण: कानाला चीर, जुनी."

खाली त्या चेहऱ्याचं स्केच. मी बऱ्यापैकी काढतो, जहाजावर इंजिनाचे भाग काढून काढून हात बसलाय.

आता फोटो. तर खालच्या ऑफिसनं माझ्या कॅमेऱ्याच्या परवानगीवर चुकून बुधवारची तारीख टाकलेली. मंगळवारी कॅमेरा आत न्यायचा नाही म्हणजे नाही! मी फोनवरून बरीच कटकट केली, काही उपयोग झाला नाही. फोटो झाल्याशिवाय पेटी उघडी ठेवायची नाही, हा माझा नियम. म्हणून झाकण लावलं, मी माझ्या हातानं नंबरचं सील घातलं, वहीत नंबर लिहिला, तिघांनी सह्या केल्या. दुपारी एकला आम्ही बाहेर पडलो. कॅमेरा येईपर्यंत मी पेटीच उघडली नसती, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

बुधवार, सकाळी दहा. सील बघितलं... नंबर तोच, तार ताणलेली, कुठे ओरखडा नाही. मीच कापलं. अंकल लिमनं झाकण उचललं.

चेहरा नव्हता.

हात होते, सिंह होते, पिलू दूध पीत होतं. मानेच्या वर नुसती सपाट खरबरीत जागा, छिन्नीच्या घावांची. मी सीलचा नंबर पुन्हा एकदा वाचला. आणि पुढच्याच क्षणी संताप! मी रूथबाईंवर जवळजवळ ओरडलोच, "बाई, हे काय आहे?"

"काय म्हणजे?"

"चेहरा कुठाय?"

त्या गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. "चेहरा नाहीच त्याला. शेकडो वर्षं नाही. असाच सापडलाय तो."

"काल होता!"

मी वही उघडून वाचलं, "चेहरा शाबूत." एवढंच वाचलं. त्या खाली बसल्या, पेटीच्या कडेला हात धरून. मी मात्र सुटलो होतो. म्हटलं, हे मी रिपोर्टमध्ये लिहिणार, पेटी तुमच्या ताब्यात असताना नुकसान झालं, चौकशी होणार, तुम्हाला उत्तर द्यावं लागणार. कालच्या चहातली बिस्किटं, झिराड, आईचं मराठीत रागावणं, सगळं मला आता कावा वाटायला लागलं. आवाज चढला होता माझा. अंकल लिम टॉर्च धरून भिंतीकडे बघत उभा होता.

त्या एवढंच म्हणाल्या, "लिहा. तुमचं कामच आहे ते. पण लिहाल तर माझं तीस वर्षांचं नाव जाईल. आधी तपासा, मग लिहा."

हे मात्र बरोबर होतं. मी तपासायला लागलो.

पेटीत दगडाचा कण नाही, धूळ नाही. फोमवर एक ठिपका नाही. मग ती सपाट जागा भिंगातून पाहिली. ताजा फुटलेला कातळ आतून निळसर करडा असतो, हे मी पाथरवटांच्या आळीत वयाच्या आठव्या वर्षी शिकलोय. ही जागा तपकिरी होती, घावांच्या खाचांमध्ये चुन्याचा थर बसलेला, शेपटीवर होता तसाच. तो एका दुपारात बसत नाही, जन्म जातात. मग मी त्यांच्याकडचे कागद उघडले. दगड मातीतून निघाला तेव्हाचा फोटो, बिनचेहऱ्याचा. जुन्या नोंदी, बिनचेहऱ्याच्या. फोटोवर माझा विश्वास नसतो, पण चुन्याच्या थरावर आहे.

म्हणजे नुकसान झालंच नव्हतं. बाई सुटल्या. आणि अडकलो मी! मग काल मी काय बघितलं?

दगड बदलला असेल? सिंहाचा तुटका पंजा, सिंहिणीच्या कानाची चीर, सगळं वहीप्रमाणे जुळत होतं. अंकल लिमला विचारलं, तुला काल चेहरा दिसला का? तो सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "आय होल्ड टॉर्च, आय लुक अ‍ॅट टॉर्च." आणि पुढे, "बट यू लाफ्ड, व्हॉट. यू लुक लाँग लाँग, देन यू लाफ." रूथबाई हळूच म्हणाल्या, "हो, तुमी हसलात. 'काय गुबगुबीत गाल आहेत लेकाचे' म्हणालात. मला वाटलं सिंहाच्या पिलाला म्हणताय."

मी खाली जाऊन सिक्युरिटीचं रेकॉर्डिंग काढायला लावलं. मंगळवार दुपारी एक ते बुधवार सकाळी दहा, दार उघडलंच नाही. आणि मंगळवार सकाळचं पाहिलं, तर माझी पाठ दिसते. पेटीचा आतला भाग दिसत नाही. मी वाकलोय, लिहितोय, मान तिरकी करून बघतोय... आणि खांदे हलतायत. हसतोय मी, अगदी स्पष्ट.

वर आलो तेव्हा रूथबाई तिथेच बसल्या होत्या, दगडाजवळ. म्हणाल्या, "एक सांगू? हे कोणी शत्रूनं केलं नसावं. त्या काळात आमच्याच लोकांना वाटायला लागलं की देवाच्या घरात माणसांची चित्रं नकोत. मग ती छिन्नीनं काढली. सिंह ठेवले, अक्षरं ठेवली, नुसते माणसांचे चेहरे काढले. काही ठिकाणी इतकं जपून की शेजारच्या अक्षराला धक्का नाही."  मग त्या म्हणाल्या, "आणि राजाचं माहीताय? दानियेलाला आत टाकल्यावर गुहेच्या तोंडावर दगड ठेवला आणि राजानं स्वतःच्या अंगठीनं त्यावर मोहोर केली. सकाळी उठून स्वतः बघायला आला."

"म्हणजे सर्व्हेयरच की," मी म्हटलं. तेवढ्यातही आम्ही दोघं हसलो.

मग त्यांनी विचारलं, आणि आवाज एकदम बदलला. "तुमी खरंच पाहिलात त्याला?"

"लिहिलंय ना."

"माझा विश्वास आहे." एकदम, सरळ. मला 'कशावरून' विचारलं नाही. "ओठ कसा होता त्याचा?"

झालं! माझ्या डोक्यातली घंटा वाजली. डोळे नाही, नाक नाही... ओठच का? मी वही मिटली. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हतं, बोलता तेवढं यायचं, आणि स्केच मी दाखवलं नव्हतं. म्हटलं, "तुम्ही का विचारताय ते आधी सांगा."

त्यांनी सांगितलं. त्याच सिनेगॉगच्या खोदकामात, भिंतीपासून दूर, कोपऱ्यात एका मडक्याखाली दगडाचा एक तुकडा मिळाला होता. कोणीतरी फेकलेला नाही, ठेवलेला. नुसतं तोंड आणि गालाचा थोडा भाग. नोंदीत 'अनोळखी' म्हणून पडला. अकरा वर्षं रूथबाई सांगतायत, हा आपल्या दानियेलाचा आहे. साहेब म्हणतात, माप जमत नाही, बाई, तुमची कल्पनाशक्ती. एकदा लावून बघू म्हटलं तर तेही नाही, एवढा महत्त्वाचा दगड भिंतीवरून खाली उतरवायचा कोणी? आणि इकडे पाठवायला उतरवला तेव्हा तो थेट पेटीत गेला. "मी गेले की तो तुकडा डब्यात कायमचा अनोळखी राहील. आणि मी वेडी."

"काय आहे त्या तोंडावर?" मी विचारलं.

"हसतोय तो. आणि खालच्या ओठाला एक टवका आहे. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला." त्यांनी अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटाच्या टोकावर ठेवून माप दाखवलं. "तांदळाचा दाणा असतो ना, तेवढा."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे मी वाचत आलोय या सदरात शंभर वेळा, आणि शंभर वेळा हसलोय.

आणि मग मी काय केलं? हे सांगायची लाज वाटते, पण त्यासाठीच लिहायला बसलोय. मला वाटलं, सापळा आहे! या बाईला तिच्या तुकड्यासाठी साक्षीदार हवाय. सह्या असलेली, तारीख असलेली, तटस्थ सर्व्हेयरची वही. कसं केलं ते ठाऊक नाही, काल त्या जागी साच्याचा खोटा चेहरा चिकटवला असेल, माझ्या नाकासमोर काढूनही घेतला असेल... कसंही असो, मी हातातलं बाहुलं होणार नाही. सील मीच घातलं होतं, मीच कापलं होतं, मंगळवारी उघड्या पेटीजवळून मी हललो नव्हतो. हे सगळं माहीत असून मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही. ओठावर काही नव्हतं. मला भासच झाला असणार."

 त्या नुसतं "बरं" म्हणाल्या, उठल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: मधल्या आकृतीचा चेहरा नाही, मोड जुनी, नवीन नुकसान नाही. फोटो जोडले. सही केली. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

घरी जेवताना मनीषाला सांगितलं. ती हसली नाही, हेच मला खटकलं. म्हणाली, "डोळे तपासून घे." मुलगी म्हणाली, "पापा, ब्रेन फिल्स इन फेसेस, लाह. व्हेरी कॉमन." डोळे तपासले, ठणठणीत. डोकंही तपासून घेतलं, मनीषाच्या हट्टापायी. मुलीचं म्हणणं मला पटलं असतं हो. मेंदू चेहरा भरून काढतो, मान्य. पण मेंदू टवका कशाला भरेल? तोही मडक्याखालच्या तुकड्यावरचा, जो मी जन्मात पाहिला नाही?

मी तो तुकडा कुठे छापलाय का ते शोधलं. पुस्तकं, वेबसाइट, जुने अहवाल, दोन महिने माझा हाच उद्योग चालला होता. दगडाचे फोटो पुष्कळ, सगळे बिनचेहऱ्याचे. तुकड्याचा एकही नाही. बरोबरच आहे, अनोळखी वस्तूचा फोटो कोण छापणार?

प्रदर्शन संपलं, दगड परत गेला. ज्यूंच्या नव्या वर्षाच्या सुमारास मला फोनवर रूथबाईंचा मेसेज आला, आवाजातला. शुभेच्छा, घरी गव्हाच्या चिकाचा हलवा केलाय, आईच्या पद्धतीनं, तुम्हाला खिलवता आला असता तर बरं वाटलं असतं वगैरे. आणि शेवटी, सहज सांगावं तसं, "पुढच्या महिन्यात मी निवृत्त होते. एक बोलू? त्या दिवशी तुमी खोटं बोललात ते मला कळलं होतं. मी टवका म्हटलं तेव्हा तुमच्या तोंडचं पाणी पळालं. पण मी कशी म्हणणार? ज्यानं पाहिलं त्यानंच सांगायचं. राग नाही हं माझा."

राग नाही! त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. गोदामात मी त्यांच्यावर ओरडलो तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, तपासा. मी अशक्य गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाल्या, विश्वास आहे. आणि मी? वीस वर्षं लोकांच्या थापा पकडणारा मी, एका भल्या बाईला खोटं सांगून तिला वेडी ठरू दिलं. मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत होतो, सेरंगूनला उतरायचं राहून गेलं.

घरी येऊन वही काढली. पान सत्तेचाळीस आणि त्याच्याच पाठीवरचं अठ्ठेचाळीस, ज्यावर सीलचा नंबर आणि आम्हा तिघांच्या सह्या. फोटो काढून पाठवणार होतो. मग मलाच प्रश्न पडला, माझ्याकडे कोणी असा फोटो पाठवला तर मी काय म्हणेन? म्हणेन, मूळ कागद दाखवा. म्हणून स्टीलची पट्टी लावली आणि पान फाडलं.  खाली इंग्रजीत लिहिलं: हे मी त्या मंगळवारी प्रत्यक्ष पाहिलं, कसं ते मला सांगता येत नाही. सही, शिक्का. उद्या हे कोणी माझ्या धंद्यातल्या माणसाला दाखवलं तर मला एक पेटी मिळणार नाही. पाठवलं.

पुढे तीन आठवडे काही नाही. मग एक फोटो आला. त्या पानामुळे की बाईंचा शेवटचा आठवडा म्हणून, कोण जाणे, पण साहेबांनी एकदाचा तो दगड खाली उतरवू दिला होता. छिन्नीनं सपाट केलेल्या जागेत, खालच्या बाजूला एक उथळ खळगा राहिला होता, तिथे तो तुकडा बसवलेला. मी फोटो मोठा करून करून बघितला, जित्याची खोड. फट नाही, नख शिरणार नाही असा बसलाय. वर डोळे नाहीत, कपाळ नाही, बटा नाहीत, नुसतं तोंड आणि थोडा गाल. हसतोय. खालच्या ओठावर, आपल्या उजव्या हाताला, टवका.

खाली रूथबाईंचा आवाज. आधी बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येतं. मग, "बसला हो! बसला! सगळे उभे होते. साहेब मला सॉरी म्हणाले, सगळ्यांसमोर." आणि मग, "तुमच्या चित्रात डोळे आहेत त्याचे. आमच्याकडे नाहीत. ते तेवढं एकच आहे जगात."

मनीषाला ऐकवलं तर ती रडली. मीही. वय झालं की होतं असं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वाचकांपैकी कोणाकडे असेल तर सांगा, पण आधीच सांगतो, मी "कशावरून?" विचारणार. सीलचे दोन तुकडे माझ्या टेबलाच्या खणात आहेत, अधूनमधून काढून बघतो. त्यांच्यावर अजूनही काही सापडलेलं नाही.

आणि माझी वही आता सेहेचाळीसवरून एकदम एकोणपन्नासवर जाते. कधीतरी कोणीतरी तपासायला येईल, माझ्यासारखाच कोणी, आणि बोट ठेवून विचारेल की मधलं पान कुठे गेलं. त्याला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.